जड पाणी

दुकानदार म्हणाला, ही उघडायची नसते.
बंद पडली की टाकायची, नवी न्यायची.
बाबांनी मान हलवली, अगदी होकाराची,
आणि इस्त्री काखोटीला मारून घरी आणली.

टेबलावर परवाचा पेपर, त्यावर ती, टाचेवर उभी.
बॅटरी माझ्या हातात.
पहाटे स्लीतेहून बस, मग बोट, मग स्टॉकहोमला मुलाखत,
आणि खुर्चीच्या पाठीवर चुरगळलेला
एकुलता एक पांढरा शर्ट.
"उजेड इकडे," बाबा म्हणाले.
तासभर बोलणं तेवढंच.
हेलमेर रोंडाल, वय अठ्ठ्याहत्तर,
तोंडाची वाफ उगाच दवडणारा माणूस नव्हे.

पहिला स्क्रू वायरीच्या बुडाशी, सरळ निघाला.
दुसरा पाण्याच्या झाकणाखाली लपलेला.
तिसऱ्यासाठी तापमानाची चकती उपटावी लागली,
दुधाचा दात उपटावा तशी, आधी हलवून हलवून.
आणि त्याच्या माथ्यावर तीन पाकळ्यांची खाच,
घरातला एकही पेचकस जिथे बसणार नाही
असं कुणीतरी ठरवूनच केलेली.

बाबा शेडमध्ये गेले.
अर्धा तास कानशीचा आवाज येत राहिला.
परत आले ते तीन पाकळ्यांचा पेचकस घेऊन.

झाकण निघालं.
तव्याच्या पोटात वाफेच्या सगळ्या वाटा बुजलेल्या.
पांढरं, पापुद्र्यावर पापुद्रा, दातांवरच्या किटणासारखं घट्ट.
"चुना लावला आपल्याला कंपनीनं," मी म्हटलं.
"कंपनीचा नाही हा," बाबा म्हणाले. "इथलाच."

नखानं एक कपची काढून त्यांनी उजेडात धरली,
जिभेच्या टोकाला लावली, खाणीत लावायचे तशी.
एक्केचाळीस वर्षं त्यांनी हा दगड फोडला.
"तिथे डंपरनं निघायचा," म्हणाले, "इथे चमच्यानं."
गॉटलंडच्या नळातून घोटाघोटानं आत येऊन
आमचं बेट या इस्त्रीत साठत राहिलं होतं.
लहानपणी याच दगडात त्यांनी मला पोवळी दाखवली होती,
इथे कधीकाळी कोमट समुद्र होता म्हणाले होते.
मला ती थाप वाटली होती. जानेवारी होता, नाक गोठलेलं.

मग ते खोकले. बराच वेळ.
मी उजेड हलू दिला नाही.

व्हिनेगर ओतलं. चुना फसफसला, डोळ्यांत वास गेला.
पण एवढ्यानं भागणार नव्हतं, अजून कुठेतरी पाणी मुरत होतं:
मीटरची टोकं टेकवली, मीटर गप्प.
फ्यूज. गव्हाच्या दोन दाण्यांएवढा,
फार तापलं की आधी आपण जायचं, एवढंच त्याचं काम.

असा फ्यूज रात्री दहाला कुठे मिळणार?
बाबांनी माळ्यावरून आईचं कॉफी मशीन काढलं.
आई मुख्य भूमीवर राहायला गेली तेव्हा तिनं ते नेलं नव्हतं,
आणि बाबांनी त्यात कधी कॉफी केली नव्हती, टाकलंही नव्हतं.
ते मात्र त्यांनी दोन मिनिटांत उघडलं.
"डाख द्यायचा नाही," मला म्हणाले,
"त्या उष्णतेनंच जाईल. चिमटून बसवायचा."
बोटं थरथरत होती. चिमटताना नाही.

सगळं परत बसलं आणि पेपरवर एक स्क्रू उरला.
आम्ही दोघांनी त्याच्याकडे पाहिलं.
बाबांनी तो उचलून बशीत ठेवला,
जणू तो आधीपासून तिथलाच.

दिवा लागला. तिनं घसा खाकरला, थुंकली,
शर्टाच्या बाहीवर पांढऱ्या रव्याचा एक ठिपका.
मग स्वच्छ वाफ, चष्म्यावर, खिडकीवर.
कॉलर बाबांनीच केली. मला जमत नाही म्हणे.

बोटीच्या डेकवर मी ठिपका झटकला. निघाला नाही.
फोन वाजला.
"तो स्क्रू," बाबा म्हणाले, "कळला कुठला ते."
"कुठला?"
वारा होता, की ते थांबले होते, सांगता येत नाही.
"येशील तेव्हा दाखवतो."