तरी

विद्यापीठाच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर,
सदतीस अंशांच्या कपाटात मी पेशी पाळते.
उंदराच्या आहेत. तो उंदीर कधीच गेला,
या वाढतच राहिल्या, माझ्या जन्माच्याही आधीपासून.
दर दोन दिवसांनी त्यांचं गुलाबी पाणी बदलायचं,
मग एका सोमवारी इन्सुलिन पाजून सांगायचं:
आता व्हा चरबी.

त्या ऐकतात.
आठवड्याभरात पोटात थेंब धरतात,
भिंगाखाली आधी खसखस, मग साबुदाणा.

निम्म्या खळग्यांत मी मिरची घालते.
मिरची म्हणजे तिच्यातली ती एक पांढरी भुकटी,
बाटली मुखवट्याशिवाय उघडली तर अख्खा मजला खोकतो.
पाण्यात विरघळत नाही, हट्टी.
स्पिरिटात विरघळते. तेलात विरघळते.

फणसेकाकांना हे माझ्याआधी तीस वर्षं ठाऊक.
दांडिया बाजारच्या कोपऱ्यावर त्यांची दोन पातेली:
एकात वाटाण्याची उसळ, फिकट, गरीब;
दुसऱ्यात नुसती तरी.
रेशमपट्टी रंगाला, लवंगी रागाला,
आणि दोघींना धरून ठेवायला तेल.
चरबी जाळणारी चीज चरबीतच बसून येते,
हे मी प्रबंधात लिहिलं होतं.
जोबनपुत्रा मॅडमनी खोडलं. शेजारी लिहिलं: सुंदर, पण संदर्भ?

पेशीच्या भिंतीत एक दार असतं,
चटका बसला की उघडणारं.
मिरचीपाशी त्याची चोरून केलेली किल्ली आहे.
दार उघडतं, कॅल्शियम आत घुसतं,
आणि पेशी साठवायचं सोडून जाळायला लागते,
किंवा चरबी व्हायचंच टाळते.
त्या 'किंवा'पाशी माझा तिसरा अध्याय
गेल्या दिवाळीपासून अडलाय.

"म्हणजे पाटीवर लिहू ने?" काका विचारतात,
"सेव-उसळ खा, चरबी घटवा?"
नका लिहू, काका.
माझ्या पेशींना जीभ नाही, त्या वर चार पाव खात नाहीत.
मी त्यांच्या अंगावर जेवढी ओतते
तेवढी माणसाच्या चरबीपर्यंत पोचवायची
तर आधी माणूसच पळून जाईल.
काका बनियनवरून पोटावर थाप मारतात.
"तीस वर्षं रोज खातोय, तमतमती.
तरी?"

चव बघायला ते पातेल्यात बोट बुडवतात.
त्यांना काही होत नाही. फार वेळा उघडलेलं दार
शेवटी किल्लीला ओळखेनासं होतं,
आमच्याकडे त्याला मोठा शब्द आहे.
ते म्हणतात, बोटं मुकी झाली.
घरी नातू रडला
तर काकू त्यांना त्याचे डोळे पुसू देत नाहीत.
साबणाने तीनदा धुतले, तरी नाही.
आपल्या हाताला काय लागलंय
ते त्यांच्या हाताला कळत नाही.

शुक्रवारी मी रंग घातला.
हा लाल रंग फक्त थेंबांनाच धरतो.
मिरची नसलेल्या खळग्यात पाहिलं
तर हुबेहूब काकांचं पातेलं, लाल मणीच मणी.
मिरचीवाल्यात विरळ.
किती विरळ, ते रात्री दहापर्यंत मोजत बसले.
पहिल्या प्लेटमध्ये एक तृतीयांश कमी.
दुसरीतही जवळपास तेवढंच.
तिसरीत काहीच फरक नाही.
तिसरी पुन्हा मोजली.
नाही.

काका पातेलं खरवडत होते.
गल्ला मोजून झाला होता, बाक उलटे ठेवले होते,
माझ्यासाठी एक सरळ केला.
शेव, उसळ, कांदा, लिंबू,
पळी वरच्या वर थांबवून नेहमीचं विचारलं,
"तरी?"
मी बशी पुढे केली.

खाता खाता, तिसऱ्या प्लेटचा विचार करत,
मी डोळा चोळला.

काका हसले. माझ्या डोळ्याकडे हात नेला,
मध्येच थांबले, तो हात पाठीमागे घेतला,
आणि कोपराने
पाण्याचा जग माझ्याकडे सरकवला.