निळं औषध

फैजपूरच्या पुढे, सावद्याच्या रस्त्याला,
केळीच्या दोन बागांच्या मधोमध
भंगाळे बाईंचा पोहायचा तलाव आहे.
पंचवीस फूट लांब, टाइल्स पांढऱ्या.
गुडघ्यांसाठी बांधला. मुख्याध्यापिका होत्या,
अजून पाण्यात उतरताना
हजेरी घ्यावी तशा पायऱ्या मोजतात.

मी उखर्डू तायडे. आठवड्यातून तीनदा येतो,
जाळी, ब्रश आणि डबे घेऊन.
त्याआधी पंधरा वर्षं केळीचे घड वाहिले,
तेव्हा डागांचं मला शिकवू नका.
चीक सकाळी पाण्यासारखा असतो,
खांद्यावरून ओघळतो, कळतसुद्धा नाही,
संध्याकाळी सदरा काळा.
सदरा विरतो. डाग नाही.

बोअरचं पाणी त्याच जातीचं.
सहाशे फुटांवरून वर आलं तेव्हा
काचेसारखं, ओंजळीत घेऊन बघा.
रात्री क्लोरीन टाकलं
आणि सकाळी तलावभर चहा,
बिनदुधाचा.
लोखंड आधीपासून होतंच त्यात,
विरघळलेलं, गुपचूप.
शुद्ध करायला गेलो
तेव्हा ते उघडं पडलं
आणि बसलं टाइल्सवर, भिंतीवर, पायऱ्यांवर.
"व माय," बाई म्हणाल्या, "हे काय रे?"
मी म्हणालो, बोअर.

मेडिकलमधून व्हिटॅमिन सी ची साधी पांढरी गोळी आणली,
डागावर धरली, मनात तीस मोजले.
उचलली तर खालची टाइल
दुधाच्या दातासारखी.
आई चिंचेनं हंडा घासायची,
तिला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं,
पण आंबटापुढे धातू नरमतो
हे तिच्या बोटांना ठाऊक होतं.

मग चार दिवस क्लोरीन बंद.
होतं नव्हतं तेही उन्हानं खाल्लं,
आमच्याकडचं ऊन, त्याला काय लागतं.
पंप चालू ठेवून
किलोभर आंबट पावडर काठाकाठानं सोडली
रांगोळी सोडतात तशी, चिमटीतून.
दुपारपर्यंत भिंती धुऊन निघाल्या.
त्यावर धातूला बांधून ठेवणारं औषध,
पाइपाच्या तोंडाला गाळणी,
आणि क्लोरीन परत, पण वाटी-वाटीनं.
घाई केली की लोखंड
गेल्या पावली परत येतं.

तिसऱ्या पायरीवर मात्र एक राहिला.
तळहाताएवढा. मोरचुदाच्या रंगाचा.
गोळी धरली. तीस. साठ.
दोनशेपर्यंत मोजलं.
गोळी विरघळून बोटं आंबट झाली,
डाग जिथल्या तिथे.

शनिवारी बाई पाण्याबाहेर आल्या,
उन्हात उभ्या राहून केस पुसायला लागल्या,
पांढरेशुभ्र केस त्यांचे,
आणि ते हिरवट,
केळीच्या कोवळ्या सुरळीसारखे.
टॉवेलकडे पाहिलं, पायरीकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
"उखर्डू, हेही बोअरच का?"

वर्गात किती पोरं गारठली असतील या आवाजानं.
मी सांगून टाकलं.
शेवाळ मारायचं निळं औषध. त्यात तांबं असतं.
डब्यावर लिहिलंय, टोपणभर.
भाच्याचं लग्न होतं, आठ दिवस यायचं नव्हतं,
मी डबा ओतला.
एक नाही. दोन.

बाई आत गेल्या.
पंपाचा आवाज, तेवढाच.
मी जाळी घेऊन उगाच पानं काढत राहिलो,
पानं नव्हती.

बऱ्याच वेळानं आल्या, डोक्याला लिंबाचा वास.
मी म्हणालो, हा डागही काढतो,
दुसरी पावडर आहे, जरा जहाल, जळगावहून आणतो.
"राहू दे तो," म्हणाल्या.
"चष्मा काढला की मला
तेवढी एकच पायरी दिसते."

दोन डब्यांचे पैसे मात्र कापले.

आता निळं औषध ओततो ते त्यांच्यासमोर,
टोपण डोळ्यांच्या रेषेत धरून,
आणि मोठ्यानं म्हणतो: एक.