निल

सकाळी सहाला महानंदा काडी ओढते,
पण आधी चहा नाही.
चिमट्यात काचेची नळी,
नळीत मन्मथची पहिली लघवी.
वरचा भाग तेवढा ज्योतीवर धरायचा,
खालचा गार ठेवायचा, ताडून पाहायला.
मी तोंडात ब्रश धरून मोरीच्या दारात.
वर पांढरं धरलं, तर दिवस गेला.

उदगीरच्या फिल्टरवर मला अकरा वर्षं झाली.
तुरटी किती टाकायची ते मीटरच्या आधी
माझ्या डोळ्याला कळतं.
गाळ, शेवाळ, धरणाचा तळ, सगळं ओळखतो मी.
माझ्याच लेकराच्या अंगातलं गाळणं
कधी ढिलं झालं, ते कळलं नाही.
आधी डोळे सुजले. शेजारीण म्हणाली, माशी डसली असंल.
मग चड्डीचं इलॅस्टिक कमरेत रुतलं,
बुटात पाय जाईना.
शाळेतल्या बाई म्हणाल्या, पोरगं बाळसं धरतंय.

लातूरला काझी मॅडमनी
केसपेपरच्या पाठीवर चित्र काढलं:
हे गाळणं. ह्या त्यावर पाय रोवून बसलेल्या पेशी,
बोटांत बोटं अडकवून.
बोटं सुटली की प्रथिन निसटतं.
सोडवतं कोण, मी विचारलं.
पेन थोडं थांबलं.
"पक्कं माहीत नाही. बहुतेक रक्तातले राखणदारच.
साधी सर्दी झाली, ते उठले,
सर्दी गेली तरी काठ्या खाली ठेवायचं विसरले."
मला आमचा रात्रपाळीचा व्यंकट आठवला,
अंधारात ज्यानं साहेबांनाच हाणलं होतं.
हसू आलं. मग हसल्याची लाज.

गोळी पांढरी, कडू,
गुळात दडवली तरी जिभेला सापडणारी.
म्हणे ती जाऊन राखणदारांना सांगते, बसा आता.
बसतात का, ते नळीत दिसायचं.
मन्मथला भूक अशी की रात्री दोनला धपाटं मागतो,
अळणी धपाटं, रडत खातो, खाऊन परत मागतो.
गाल फुगले. सहा वर्षांच्या ओठावर लव आली.
आरशात बघून म्हणाला, हा कोण?
तूच की, म्हणालो. थोडे दिवस.

वहीत महानंदाचं अक्षर:
तीन अधिक. तीन अधिक. तीन अधिक.
दोन. तीन. दोन.
एक.
पुसट.
निल.
सलग तीन निल आले तर गोळी लागू पडली म्हणायचं.
तिसऱ्या दिवशी नळी मी धरली.
उकळी आली, बुडबुडे फुटले,
आणि नळीतून आरपार दिसली
ओट्यामागच्या भिंतीवरची पाल.

त्याच ओपीडीत औरादची अल्फिया.
तीच गोळी. वजनाला तेवढीच. त्याच दुकानातली स्ट्रिप.
तिच्या वहीत सहाव्या आठवड्यातही तीन अधिक.
तिच्या आईनं बाकावरून विचारलं, तुमचं किती?
मी म्हणालो, एक.
त्या दिवशी निल होतं.

मॅडमनी दोघांचंही रक्त मागितलं.
पुण्यात कुठलंसं यंत्र एकेक पेशी मोजणार,
ऐकणाऱ्या कुठल्या, न ऐकणाऱ्या कुठल्या,
गोळी द्यायच्या आधीच ओळखता येईल का कधी.
फॉर्मवर छापलेलं होतं:
तुमच्या मुलाला याचा थेट फायदा होईलच असं नाही.
अल्फियाच्या अब्बांनी ते दोनदा वाचलं,
मग उर्दूत सही केली, सावकाश.
नळ्यांवर नावं नव्हती. सतरा. अठरा.
थर्माकोलच्या डब्यात दोघी टेकून उभ्या राहिल्या,
बाजूला बर्फाची पिशवी.
रंगात काहीच फरक नव्हता.
गढूळपणा ओळखणारा माझा डोळा
झाकण लागेपर्यंत बघत राहिला.

आता गोळी एकाआड एक दिवस.
काल रात्री मन्मथ शिंकला. दोनदा.
आम्ही दोघंही जागे होतो.
कोणीच कूस बदलली नाही.
पहाटे तिनं नळी विसळली, उजेडाकडे धरून पाहिली,
आणि काडेपेटी माझ्याकडे सरकवली.