तिसरी चौकट

रोज संध्याकाळी सातला कॅप्टन व्योमेश
माझ्या सायकलच्या कॅरियरवर उताणा निजलेला असे,
खारकर आळीतून चरईपर्यंत.
जस्ताचा पत्रा, खाली सागाची फळी, चार चुका,
वर जुन्या धोतराचं फडकं.
छापखान्यात माझं नाव कुणाला ठाऊक नव्हतं.
‘ए ब्लॉक’ म्हणत. मी ओ देत असे.

त्याला काढणारे ताम्हाणे दिवसा वागळे इस्टेटीत
पंपांची ड्रॉइंगं करत.
म्हणून शुक्रावर गेलेलं ते यान
खरं तर पाच हॉर्सपॉवरचा पंप, उभा केलेला;
फ्लँजवरचे बोल्टसुद्धा आठच्या आठ.
फिटरांना ते कळायचं. हसायचे,
आणि अंक विकत घ्यायचे.

आधी कॅप्टनला चेहरा होता, नाकही बरं होतं,
पण आमच्या कागदावर शाई फुटायची,
तिसऱ्याच दिवशी नाकाची मिशी झाली.
चौथ्या दिवसापासून हेल्मेट.

सम्राट गुर्गुट हुबेहूब त्यांचा वर्क्स मॅनेजर.
मॅनेजर ती पट्टी रोज कापून
टेबलाच्या काचेखाली सरकवी.
त्याला ओळख पटली नाही,
की पटली म्हणूनच, देव जाणे.

बाजारभावांना लागून चार इंच जागा,
त्यात तीन चौकटी.
पण खोकल्याच्या औषधाची जाहिरात आली
की फोरमन करवत घेई
आणि तिसरी कापून टाकी, फळीसकट.
एकदा कॅप्टननं मंगळावरचं एक दार लोटलं
आणि नेमकी त्याच रात्री करवत चालली.
आत काय होतं ते ठाण्याला कळलं नाही.
दुसऱ्या दिवशी तो परतीच्या वाटेवर होता,
हेल्मेटला पोचा.
कोपरीच्या एका मास्तरांनी जोडकार्ड टाकून खुलासा मागितला.
ताम्हाण्यांनी उत्तराच्या बाजूला लिहिलं:
‘मंगळ माझ्या हातात नाही.’

बोलण्याचे फुगे कमलिनीबाई भरत,
अक्षर बोरूच्या वळणाचं.
त्या सिव्हिलमध्ये होत्या तेव्हा
कॅप्टन अशा ग्रहावर उतरला जिथं हवाच नव्हती,
आवाज जात नव्हता.
अकरा दिवस फुगे कोरे.
वाचकांनी कळवलं, वा, काय शास्त्रशुद्ध!
मी ते ब्लॉक नेत होतो.
वजन रोजच्याइतकंच.
बाराव्या दिवशी शेवटच्या फुग्यात,
अक्षर जरासं हललेलं:
‘ऐकू येतंय का?’
फोरमननं ती जाहिरात
मुकाट्यानं चौथ्या पानावर टाकली.

गोष्ट घडायची सन दोन हजार दहात.
ते आलं तसं गेलंही.
खाडीपलीकडे काचेच्या इमारती झाल्या,
त्या काही ताम्हाण्यांना सुचल्या नव्हत्या.
त्यांच्या यानातल्या फोनला गुंडाळीची वायर होती,
आणि कोलशेतच्या अवकाशतळाबाहेर
रॉकेलची रांग.

‘पूर्वतीर’ बंद पडलं त्या संध्याकाळी
मी पोचलो तर शटरला कुलूप.
ब्लॉक घरी आणला.
आईनं पिठाच्या डब्यावर ठेवला, झाकण हलू नये म्हणून.
ताम्हाणे न्यायला आले नाहीत,
मीही द्यायला गेलो नाही. जायला हवं होतं.

आता तो घणसोलीत, मुलाच्या फ्लॅटमध्ये,
खाडीकडच्या खिडकीत.
परवा मिहिकानं त्याला बुटाचं पॉलिश फासलं
आणि वहीच्या पानावर दाबून बसली.
पहिल्या चौकटीत तेच दार, मंगळावरचं.
ताम्हाण्यांनी त्याला पुन्हा तिथं आणून उभा केला होता,
आणि इतकी वर्षं मला पत्ता नाही;
उलटं वाचायचा कंटाळा.
दुसरीत हातमोजा, दाराच्या कडीवर.
तिसरी उठलीच नाही.
खारट वाऱ्यानं जस्त खाल्लेलं,
कडेला थोडं पॉलिश, मधे वहीच्या निळ्या रेघा.

‘आबा, आत काय होतं?’

‘खोकल्याचं औषध,’ मी म्हणालो,
आणि नेमका तेव्हाच ठसका लागला.