अस्तर

प्रोस्तेयोवच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी कोटांना अस्तर लावलं.
राखाडी, तपकिरी, क्वचित एखादं गर्द लाल.
कोणी बघणार नाही, म्हणून जरा जास्तच लाल.

गुरुवारी संध्याकाळी ओताकारच्या स्वयंपाकघरात
चौघं वाजवायला बसत. मी पाचवी.
शेगडीजवळची खुर्ची माझी, आणि दोन कान.
तेव्हा मला एवढंच कळे :
वर झ्देन्काचं व्हायोलिन,
आणि तळाशी ओताकारचा चेलो,
तळघरात कोणी भरलेलं पिंप सरकवावं तसा.
मधलं ऐकूच येत नसे.
मध्ये काही असतं, हेच ठाऊक नव्हतं.

मग व्हियोला वाजवणारा लादिस्लाव
लेकीकडे ओस्त्रावाला राहायला गेला
(गुडघे, जिने, तेच ते),
आणि जाताना पेटी माझ्या मांडीवर ठेवून म्हणाला,
तुझ्या बोटांना सुई माहीत आहे,
यालाही चार दोरेच आहेत.

चोपन्नाव्या वर्षी मी गज धरला.
पहिला महिना नुसत्या मोकळ्या तारा.
खालच्या मजल्यावरचे कुबेश दार वाजवून विचारून गेले,
मांजर आजारी आहे का.
तिसऱ्या महिन्यात जिन्यात भेटले, म्हणाले,
आता बरं दिसतंय.

माझ्या कागदावर सुरावट अशी नव्हतीच.
एकच स्वर आठ वेळा,
पुन्हा तोच आठ वेळा,
आणि मग अकरा मापं गप्प.
मोज, ओताकार म्हणे, मोजणं म्हणजे वाजवणंच.
मी मोजायची. सहा, सात...
आणि झ्देन्का वर चढू लागली की
शेगडीजवळची ती जुनी बाई माझ्यात जागी व्हायची,
डोळे मिटायची,
आणि बाराव्या मापावर तिघं माझ्याकडे बघत असायचे.

फेब्रुवारीतली गोष्ट. संथ भाग.
दोनशे वर्षांपूर्वी कोणीतरी कोणासाठी तरी लिहिलेलं दुःख
चौघं मिळून खाली उतरवत होतो, जपून,
अरुंद जिन्यातून कपाट उतरवावं तसं.
शेवटच्या पायरीवर माझं बोट घसरलं.
कोमलच्या जागी शुद्ध.
अर्धाच स्वर.
आणि ते सगळं दुःख
एकाएकी हसलं.

हिनेकचा गज हवेत राहिला.
झ्देन्काने चष्मा काढला.
मला वाटलं, आता पेटी परत मागतील.
ओताकार मात्र पोट धरून हसत होता :
अगं, आम्ही तिघं कितीही रडलो तरी
रडायचं की नाही, ते तुझ्या त्या एका बोटावर!
बोट पाहिलं. टोकाला सुईची जुनी भोकं,
त्यांवर तारेचा नवा घट्टा.

त्या वसंतात ओलोमोउत्सला मैफलीला गेले,
तिकीट काढून, चांगले बूट घालून.
सभागृह वरच्या सुरामागे जात होतं,
माना तिकडे, उसासे तिकडे.
मी कोट उलटा करून ऐकत होते.
आत बारीक टाके दिसत होते, एकसारखे, आठ आठ.
व्हियोलावाली कोणी बारकी पोर होती,
विरामात तिचे ओठ हलत होते.
नऊ, दहा, तिच्याबरोबर मीही.

शेजारच्या तरुणाने कोट मांडीवर घेतला होता.
काखेत अस्तर उसवलेलं, चार बोटं तरी.
मध्यंतरात सांगावं म्हटलं,
पण मध्यंतर कधी सुरू झालं
आणि कधी संपलं.