जेहान सर्कल, पॉइंट नंबर अकरा

पहाटे साडेतीनला टेम्पोतून उतरवले आठ बॅरिकेड.
एकाचं चाक मोडलेलं, त्याखाली मी वीट सारली.
हातात झेरॉक्सचा नकाशा,
गंगापूर रोडवर कुणीतरी पिवळा हायलायटर फिरवलाय
घाईघाईत हळद लावावी तसा.
खाली सूचना : पाच ते दहा, वाहनांस मनाई.
अपवाद रुग्णवाहिका, अग्निशामक.

थंडी अशी की शिट्टी ओठाला चिकटते.
होमगार्डचा स्वेटर कोपरात विरलेला,
आतून नवऱ्याचं सातपूरच्या कंपनीचं जॅकेट.
वायरलेसवर भदाणे साहेब :
अकरा नंबर, रस्ता क्लिअर?
क्लिअर, साहेब.
एवढा क्लिअर की दुभाजकावरच्या कण्हेरी मोजता येतात.
एक कुत्रं मधोमध बसून पंजा चाटतंय,
त्याला आमच्या आधीच ऑर्डर मिळाली असावी.

मग एकेक दिवा येऊन थांबतो बॅरिकेडपाशी.
दूधवाला म्हणतो, दूध थांबतं का कुणासाठी?
पिकअपवाला म्हणतो, मागं फ्लॉवर आहे, लिलाव चुकला तर
तुमच्या साहेबांच्या दारात ओतू का?
एक पोरगा, पेपर नऊला, सेंटर आडगावला.
चौघं जण एका गाडीत, मिसळ खायला निघालेले,
त्यांची घाई सगळ्यात मोठी.
सगळ्यांना मी एकच दाखवते :
महात्मानगर, एबीबी सर्कल, त्र्यंबक रोड.
वळसा घ्या, दादा. वळसा घ्या.
दोनशे वेळा म्हटल्यावर
शब्दाचा नुसता वारा उरतो तोंडात.

सहा चाळीसला पांढरी ईको.
पुढच्या सीटवर एक म्हातारा,
मांडीवर फडक्यात बांधलेलं मडकं.
मी टॉर्च खाली केला.
गोवर्धनचा बेंडकुळे, म्हणाला.
रामकुंडावर गुरुजींनी साडेसातची वेळ दिलीय.
मी सवयीनं हात उचलला, महात्मानगर, एबीबी...
तो मडक्याकडं बघत म्हणाला,
हिला वळसा आवडायचा नाही.
बांधावरून सरळ जायची. भांडणं व्हायची त्यावरून.

नकाशा पुन्हा पाहिला.
वाहनांस मनाई, एवढंच लिहिलंय.
वीट पायानं ढकलली, बॅरिकेड हातभर सरकवला.
जावयाला म्हणाला, तू गाडी घेऊन ये फिरून.
चपला काढून ठेवल्या मोडक्या चाकाशी
आणि शिरला आत, रस्त्याच्या कडेनं.

तेवढ्यात आला एकवीस किलोमीटरवाल्यांचा लोंढा,
निळे-भगवे टी-शर्ट, छातीवर नंबर, श्वासांची वाफ,
आणि त्यात एक धोतर, एक टोपी, दोन्ही हात गुंतलेले.
पाण्याच्या टेबलावरची कॉलेजची पोरगी टाळ्या वाजवत ओरडली,
शाब्बास काका! थोडंच राहिलंय!
मग तिचं लक्ष फडक्याकडं गेलं.
टाळी अर्ध्यात राहिली, तळहात तसेच जुळलेले.
तिनं कागदी ग्लास पुढं केला.
म्हाताऱ्यानं मडकं काखेशी धरलं, एका हातानं ग्लास घेतला,
आधी चार थेंब फडक्यावर शिंपडले,
उरलेलं प्यायला.
ग्लास कुठं टाकायचा कळेना,
घडी करून खिशात घातला.

त्याच्या मागचे पळणारे
कुणी न सांगता उजवीकडं झाले.
एक जाडसर गृहस्थ तर पळायचंच थांबला,
त्याच्या बाजूनं चालत राहिला वळणापर्यंत,
दम लागला होता म्हणून असेल.

अकरा नंबर, रूटवर एक विनानंबरचा माणूस दिसतोय.
नाही, साहेब. क्लिअर.

दहाला शिट्टी झाली.
साचलेले हॉर्न एकदम सुटले, कुत्रं फुटपाथवर गेलं,
रस्त्यावर केळ्याच्या साली, चिरडलेले ग्लास.
सात बॅरिकेड टेम्पोत चढले.
आठव्यापाशी टाचेला झिजलेल्या चपला, शेजारी शेजारी,
देवळाबाहेर काढाव्यात तशा.
टेम्पोवाला म्हणतो, ताई, गॅरेजला जायचंय, उचला तो.
मी म्हणते, तो मोडका आहे,
राहू दे अजून थोडा वेळ.