फुटाला एक सूत

बेअरिंग कंपनीच्या कॅलेंडरवर, जानेवारीत, ती गाडी होती.
जुनी फोर्ड, चौकोनी डोक्याची,
पुढची चाकं काढून तिथे लाकडी पट्ट्या बसवलेल्या, टोकाशी वर वळलेल्या,
मागे दोन-दोन चाकांवर चढवलेला लोखंडी पट्टा.
शेजारी एक माणूस, कानांवर टोपी, खांद्याला टपालाची थैली.
भोवती नुसतं पांढरं.
कॅलेंडर संपलं, पुढे फाउंड्रीही बंद पडली.
भरमाण्णा मुतगेकरांनी ते पान तेवढं घरी आणलं.

चाळीस वर्षं उद्यमबागेत त्यांनी पॅटर्न केले:
पंपांची पोटं, मोटारींची झाकणं,
आधी सागवानात, मग बिडात.
बर्फ त्यांनी पाहिला तो रसाच्या गाड्यावर,
पोत्यात गुंडाळलेला, भुसा लागलेला.

मापं कुठून घेणार फोटोतून?
त्यांनी ईरण्णा होसमनीला भिंतीशी उभा केला.
"हा टपालवाला तुझ्याएवढा धरलो बघ."
"याक री मामा," ईरण्णा म्हणाला,
पण टाचा जुळवून उभा राहिला.
तेव्हापासून कुठल्या तरी थंड मुलखातली ती गाडी
येळ्ळूर रोडच्या ईरण्णाच्या उंचीवर बेतलेली आहे.
बाराला एक.

बॉनेट तुपाच्या डब्याचं झालं.
पुढच्या पट्ट्या इडलीपात्राच्या वाफेवर वळवल्या,
काकू दोन दिवस म्हणत होत्या,
इडलीला सुताराच्या दुकानाचा वास येतोय.
मागच्या पट्ट्यापाशी मात्र काम तीन महिने अडलं.
मग एका रात्री त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं,
पंचवीस वर्षांच्या नोकरीचं, स्टीलच्या ताणणाऱ्या पट्ट्याचं.
पट्टा चाकांवर चढवला, बोटानं फिरवला.
फिरला.
दुसऱ्या बाजूला तसाच हवा होता. अख्ख्या खडेबाजारात जुळता मिळेना.
शेवटी ईरण्णानं आपला काढून दिला.
आता वेळ विचारायला दोघेही माझ्याकडे येतात.

चाकं मी करून दिली, जेवणाच्या सुट्टीत, लेथवर, पितळेची.
बसवायला गेलो, सहज व्हर्नियर लावला,
आणि थांबलो.
छप्पर, दार, पायरी, सगळंच किंचित मोठं,
आणि सगळीकडे सारखंच मोठं.
मी त्यांची पट्टी उचलून पाहिली.
पॅटर्नवाल्यांची आकुंचनाची पट्टी होती ती,
तिच्यातला फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत लांब.
बीड निवताना आखडतं, म्हणून.
घरात दुसरी पट्टी नव्हतीच.
म्हणजे पोरीचा पाळणा, देव्हारा, माडीची शिडी,
सगळं त्यांनी असंच मोजलेलं,
पुढे आखडणार ते आधीच धरून.

"मामा, ही गाडी ओतायची नाही. ही आखडणार नाही."
त्यांनी दिव्याच्या काचेवर फुंकर मारली.
"तू लेथवाला. तुला काय कळतंय?
बर्फात जाणार हाय ती.
गार पडली की येतीया बघ मापात."

दिवाळीनंतर काकूंच्या डब्यातली रांगोळी चाळून
फळीवर पसरली, दोन बोटं जाड.
गाडी अलगद ठेवली. पट्ट्यांचे माग उमटले, सरळ, बारीक.
गल्लीतली पोरं खिडकीत.
एकानं विचारलं, नंबर कुठलाय? केए का एमएच?
भरमाण्णांनी ब्रश घेतला,
नंबर प्लेटवर पांढरा रंग फिरवला.
"बर्फ बसलाय त्याच्यावर. दिसत नाही."

टपालवाला अजून केलेला नाही.
थैली तयार आहे, नखाएवढी, खाकी.
ईरण्णा संध्याकाळी येतो, चहा घेतो,
इकडचं तिकडचं बोलता बोलता भिंतीशी जाऊन उभा राहतो,
कुणी सांगितलेलं नसताना,
आहे त्यापेक्षा सूतभर उंच.